सोंग आणि साक्ष

मुलाच्या हातात रहस्यकथा दिसली की पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. अभ्यासाची पुस्तके बाजूस सारून मुलगा खुनाच्या गोष्टी वाचीत बसला आहे, हे दृश्य कोणाही आईबापांस आल्हाददायक वाटणार नाही, हे मी शिक्षक व पालक अशा दुहेरी नात्याने जाणतो. तथापि सर्वच रहस्यकथा एका मापाने मोजणे न्याय्य नव्हे. काही कथा केवळ अंगावर काटा आणण्याकरिता लिहिलेल्या असतात. काही मात्र अशा असतात की, आपल्या डोळ्यांवर व कानांवर आपण किती विश्वास ठेवावा, याचा विचार करणे त्या वाचकास भाग पाडतात. या दुसऱ्या जातीच्या एका कादंबरीविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

ही कादंबरी म्हणजे अगाथा ख्रिस्ती या सुप्रसिद्ध इंग्रज लेखिकेची ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ ही होय. ती १९३३ साली लंडन येथे प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत ‘थर्टीन ॲट डिनर’ या निराळ्या नावाने निघाली. तिच्या जन्माची हकीकतही मनोरंजक आहे. लेखिकेचे पती मॅक्स मॅलोवन हे पुराणवस्तुसंशोधक होते. १९३१ साली ते इराकात, योना संदेष्ट्याच्या गोष्टीमुळे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असलेल्या त्या प्राचीन निनवे नगराच्या जागी, डॉ. कॅम्पबेल थॉम्प्सन यांच्या हाताखाली उत्खननाचे काम करीत होते. पतीचे हात मातीत गुंतलेले असता पत्नी मोसूलच्या बाजारातून विकत आणलेल्या टेबलापाशी बसून हे पुस्तक लिहीत असे. खोदकामात सापडलेल्या एका सांगाड्यास मंडळींनी थट्टेने लॉर्ड एजवेअर हेच नाव देऊन टाकले, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. पुस्तक अर्पण केले आहे तेही थॉम्प्सन दांपत्यासच.

कथेची कल्पना मात्र वाळवंटात सुचलेली नसून रंगभूमीवरून आलेली आहे. रूथ ड्रेपर नावाची एक अमेरिकन नटी त्या काळी फार गाजत होती. ती एकटीच रंगभूमीवर उभी राही आणि एखादी शाल किंवा टोपी एवढ्याच साधनानिशी क्षणात म्हातारी, क्षणात तरुणी, क्षणात श्रीमंत यजमानीण, क्षणात गरीब बाई होऊन दाखवी. तिचा प्रयोग पाहून लेखिकेच्या मनात विचार आला की, इतक्या हुबेहूब रीतीने दुसऱ्याचे रूप घेणाऱ्या मनुष्याच्या हातून काय काय घडू शकेल, किंबहुना त्याच्याकडून काय काय करवून घेता येईल! या एका प्रश्नातून कादंबरी उभी राहिली.

कथानक थोडक्यात असे. जेन विल्किन्सन ही रूपवती व लोकप्रिय नटी लॉर्ड एजवेअर या उमरावाची पत्नी आहे. पतीपासून ती विभक्त राहते, कारण तो स्वभावाने क्रूर आहे. तिला आता एका तरुण ड्यूकशी विवाह करावयाचा आहे. ‘हा नवरा माझी वाट अडवून बसला आहे, काही उपाय न चालल्यास मीच भाड्याची मोटार करून जाईन आणि त्याचा निकाल लावीन,’ अशा अर्थाचे उद्गार ती चारचौघांत, हसत हसत काढते. ऐकणाऱ्यांत प्रसिद्ध गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो व त्यांचे मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज हेही असतात. पुढे थोड्याच दिवसांत लॉर्ड एजवेअर आपल्या वाचनाच्या खोलीत मानेवर शस्त्राचा घाव बसून मरून पडलेला आढळतो. त्या रात्री जेन त्या घरी आली होती, तिने आपले नाव सांगितले, ती सरळ आत गेली, असे घरचा बटलर सांगतो. चिटणीसबाईही शपथेवर तेच सांगतात. सर्व संशय नटीवर येतो.

येथेच पहिला चमत्कार घडतो. त्याच रात्री त्याच सुमारास जेन ही चिझिक येथे एका धनिक गृहस्थाच्या घरी मेजवानीस हजर होती, असे प्रतिष्ठित पाहुणे एकमुखाने सांगतात. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी असणे शक्य नाही. तेव्हा दोहोंपैकी एक जेन खोटी असली पाहिजे. लंडनमध्ये कार्लोटा ॲडम्स नावाची एक तरुण नक्कलकार आलेली असते. जेनची नक्कल तर तिच्या कार्यक्रमातील अत्यंत लोकप्रिय भाग असतो. दुसऱ्याच दिवशी ती झोपेचे औषध अतिरिक्त प्रमाणात पोटात गेल्यामुळे मृत आढळते, आणि तिच्या सामानात जेनसारख्या सोनेरी केसांचा टोप सापडतो. मग काय विचारता! जेनचे सोंग घेऊन कार्लोटाच एजवेअरच्या घरी गेली असली पाहिजे, असा सर्वांचा ग्रह होतो. याशिवाय एक सिनेनटही संशयाच्या छायेत येतो. ज्यांचा धंदाच सोंगे काढण्याचा, त्यांच्याकडे बोट दाखविणे किती सोपे असते, हे या कथेत पानोपानी दिसते.

माझे मन या कादंबरीत गुंतून राहण्याचे कारण हेच आहे. नटावर संशय घेणे ही मनुष्यजातीची फार जुनी सवय आहे. प्राचीन ग्रीक भाषेत नाटकातील पात्रास ‘हिपोक्रितेस’ असे म्हणत. मूळ शब्दात निंदेचा लवलेश नव्हता. तो एका व्यवसायाचे नाव होता. पुढे तोच शब्द, मनात एक व बाहेर दुसरे असे वागणाऱ्या मनुष्यास लावण्यात येऊ लागला. नव्या करारातही तो त्याच अर्थाने येतो आणि आपल्या मराठी बायबलात तेथे ‘ढोंगी’ हा शब्द योजिलेला आहे. आमच्या मराठीतील ‘सोंग’ या शब्दाचीही तीच गत झाली आहे. दशावतारातील सोंग पाहावयास आपण रात्रभर जागतो आणि ‘सोंग करू नकोस’ असे म्हणून मुलास दटावितो, तेही त्याच शब्दाने!

वस्तुतः नट व लबाड यांमध्ये एक स्पष्ट रेषा आहे. बालगंधर्व रंगभूमीवर स्त्रीवेषात उभे राहत, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकास ते पुरुष आहेत हे ठाऊक असे. प्रेक्षक जाणूनबुजून, आपल्या संमतीने फसत आणि त्यातच आनंद मानीत. पानिपतच्या रणानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ असे म्हणत जो पुढे आला आणि ज्यास १७७६ साली देहान्त शासन झाले, त्या तोतयाची गोष्ट निराळी. त्याच्या प्रेक्षकांस आपण नाटक पाहत आहोत हे कोणी सांगितलेच नव्हते. सोंगाचे पाप सोंगात नाही. समोरच्यास अंधारात ठेवण्यात आहे. ही रेषा ज्याच्या ध्यानात राहत नाही, तो गुणवान मुलास गुन्हेगार समजतो आणि कधी कधी खऱ्या गुन्हेगारास निर्दोष मानून सोडून देतो.

मी नोकरीस लागल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, एका वसतिगृहात घडलेली गोष्ट या ठिकाणी सांगावीशी वाटते. इयत्ता नववीतील एक मुलगा नकला करण्यात विलक्षण तरबेज होता. आमच्या अधीक्षकांचा आवाज तर तो असा काढी की, खुद्द अधीक्षक पोट धरून हसत. एके दिवशी कोठीतील तुपाचा डबा नाहीसा झाला. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, “परवा संध्याकाळी साहेबांनीच मागल्या खिडकीतून हाक मारून सांगितलं, डबा ओट्यावर ठेवा, माणूस येऊन नेईल. मी ठेवला.” अधीक्षक म्हणाले, “मी असे काही सांगितल्याचे मला मुळीच स्मरत नाही.” एवढे शब्द त्यांच्या तोंडून निघाले मात्र, साऱ्या भोजनगृहाच्या नजरा एकाच मुलाकडे वळल्या. कोणी त्यास काही विचारलेसुद्धा नाही. त्याचे कसब हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला.

त्याच्या वडिलांस बोलावणे गेले. त्यांस बसस्थानकावरून घेऊन येण्याचे काम मजकडे आले होते. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. कार्यालयात बाकाच्या अगदी कडेवर बसून, टोपी हातात घेऊन ते म्हणाले, “साहेब, सोंगं काढायची खोड त्याला लहानपणापासून आहे. मारलं तरी जात नाही.” मुलगा दाराशी उभा होता. आपल्या बापानेही आपल्याला काही विचारले नाही, हे त्याच्या मुद्रेवर जसे उमटले, तसे आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे.

त्या वेळी आमचे वृद्ध मराठीचे शिक्षक, जे सहसा कोणत्याही सभेत तोंड उघडीत नसत, ते उठून म्हणाले, “मुलाला आवाज काढता येतो, एवढे सिद्ध झाले. आवाज त्यानेच काढला, हे कोणी सिद्ध केले? त्या आवाजाचा मूळ धनी तर येथेच बसला आहे.” या बोलण्याने काहींस हसू आले, काहींस राग आला. परंतु दोन दिवसांनी गावातील एका विधवेचा मुलगा रिकामा डबा परत घेऊन आला आणि आईने साहेबांचे आभार मानिले आहेत, असा निरोप त्याने सांगितला. घडले होते ते असे: त्या संध्याकाळी आपल्या मातोश्री अत्यवस्थ असल्याचे वर्तमान अधीक्षकांस समजले होते. आगगाडी गाठण्याच्या घाईत, आदल्या दिवशी त्या बाईंस दिलेले वचन आठवून, त्यांनी खिडकीतून दोन शब्द सांगितले आणि पुढच्या काळजीत ते पार विसरून गेले. आवाज सोंगाचा नव्हताच. तो त्यांचा स्वतःचाच होता.

अधीक्षक थोर मनाचे होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. वडिलांसही पत्र धाडले. पण संशयाची वार्ता वडिलांबरोबर बसमध्ये बसून केव्हाच गावी पोहोचली होती. निर्दोषपणाचे पत्र मागाहून गेले. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात नकलांचा कार्यक्रम झाला नाही. मुलाने स्वतः येऊन आपले नाव यादीतून काढून टाकावयास सांगितले, आणि शाळा सोडून जाईपर्यंत त्याने पुन्हा कोणाचाही आवाज काढला नाही. डबा परत आला. तो आवाज मात्र आला नाही.

आता पुन्हा कादंबरीकडे वळू. ज्यांस ती स्वतः वाचून उकल करण्याची हौस असेल, त्यांनी पुढील दोन परिच्छेद वाचू नयेत. कारण त्यांत रहस्याचा उलगडा सांगितला आहे.

सर्वांनी गृहीत धरले होते की, मेजवानीतील जेन खरी व खुनाच्या घरी गेलेली जेन खोटी. पॉयरो यांच्या ध्यानात अखेर येते की, गोष्ट नेमकी उलट आहे. एजवेअरच्या घरी गेली ती खरी जेनच. मेजवानीस बसली होती ती कार्लोटा! ‘एक थट्टा करावयाची आहे, लोकांस ओळखता येते की काय ते पाहू,’ असे सांगून आणि मोठ्या रकमेचे आमिष दाखवून जेनने तिला आपल्या जागी पाठविले होते. कार्लोटाचे आपल्या धाकट्या बहिणीवर अतिशय प्रेम होते, आणि पैशाची तिला गरज होती. काम संपताच जेनने तिलाही विष देऊन वाटेतून दूर केले. कार्लोटाने बहिणीस लिहिलेल्या पत्रात या कामाचा उल्लेख होता. त्यातील एका पानाची कड अशी फाडण्यात आली की, ‘ती’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर जाऊन ‘तो’ या अर्थाचा शब्द उरला. केवढे मोठे कपट एका लहानशा अक्षरात मावले पाहा! चिटणीसबाई प्रामाणिक होत्या. पण आपण चेहरा पाहिला असे त्या शपथेवर सांगत असल्या, तरी त्या जिन्यावर जेथे उभ्या होत्या तेथून चेहरा दिसणेच शक्य नव्हते, हे पॉयरो दाखवून देतात. त्यांनी पाहिली होती पाठ. चेहरा त्यांच्या मनाने पुरविला. खोटे न बोलताही मनुष्य खोटी साक्ष देऊ शकतो, हे यापेक्षा सोप्या रीतीने कोणी समजावून सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आणि हे कपट उघडकीस आले कशामुळे? बोटांच्या ठशांमुळे नव्हे, रक्ताच्या डागामुळेही नव्हे. मेजवानीच्या रात्री ‘जेन’ शेजारच्या तरुण पाहुण्याशी ग्रीक पुराणकथांविषयी मोठ्या जाणतेपणाने बोलली होती, कारण कार्लोटा खरोखरच सुशिक्षित होती. पुढे एका भोजनप्रसंगी खऱ्या जेनसमोर कोणी ‘पॅरिसचा निवाडा’ असे शब्द उच्चारले. तीन देवतांपैकी सर्वांत सुंदर कोण, याचा निर्णय देणाऱ्या ट्रॉयच्या राजपुत्राची ही कथा. जेनला वाटले, बोलणे फ्रान्सच्या राजधानीविषयी चालले आहे, आणि पोषाखाच्या बाबतीत पॅरिसला आता कोण विचारतो, अशा थाटाचे काहीतरी ती बोलून गेली. तोच तरुण पाहुणा तेथे होता. तो चमकला. दुर्दैवाने, पॉयरो यांस सर्व हकीकत सांगण्यापूर्वीच त्याचाही बळी गेला. पण धागा सापडला होता. केस उसने मिळाले, पोषाख उसना मिळाला, चाल व आवाज यांचीही अदलाबदल साधली; ज्ञान मात्र एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात घालता आले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपण परीक्षेच्या वेळी ‘हे शिकून काय उपयोग?’ असे पुष्कळदा विचारता. या कथेतील उत्तर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जे आपण बाहेरून चढवितो ते कोणीही चढवू शकतो. जे आपण आत मुरविलेले असते, तेच शेवटी आपली ओळख पटविते.

पालकांसाठीही येथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. १९३३ साली दुसऱ्याचा हुबेहूब आवाज काढण्यास कार्लोटासारखी प्रतिभावान नटी लागत असे. आज तेच काम संगणक करू लागला आहे. आपल्याच मुलाच्या किंवा आप्ताच्या आवाजात दूरध्वनी यावा, तातडीने पैसे मागावेत आणि आईबापांनी घाबरून ते पाठवावेत, असे फसवणुकीचे प्रकार आपल्या देशातही घडत आहेत. अशा वेळी आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर विसंबू नये. दूरध्वनी बंद करून आपणांस ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. अथवा घरातल्या माणसांवाचून कोणास ठाऊक नसेल, असा एखादा प्रश्न विचारावा. आजीने ठेवलेले लाडके नाव, गेल्या नाताळात घरी घडलेली एखादी गंमत, असे काहीही चालेल. आवाज उसना घेता येतो, घर उसने घेता येत नाही.

परंतु सावधपणा शिकविताना संशयीपणा शिकवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सावध मनुष्य प्रश्न विचारतो. संशयी मनुष्य उत्तर आधीच ठरवून बसतो. ज्याला कुलूप दुरुस्त करता येते तो चोर नव्हे. ज्याचे अक्षर दुसऱ्यासारखे आहे त्याने खोटी सही केलीच असे नव्हे. आणि ज्याला शिक्षकांची नक्कल करता येते, त्याने शिक्षकांचा अनादर केला असेही नव्हे. करता येणे व केलेले असणे यांमध्ये मोठे अंतर आहे. ते अंतर पुराव्याने ओलांडावयाचे असते, तर्काच्या उडीने नव्हे. आपल्या मुलाविरुद्ध कोणी काही सांगत आले, तर प्रथम त्याला जवळ बसवून, ‘बाळ, काय झाले ते तू सांग,’ एवढे अवश्य म्हणावे. उत्तर काहीही निघो. कोणीतरी आपणास विचारले, ही गोष्ट मूल जन्मभर विसरत नाही.

नाटकात कामे करणाऱ्या आमच्या मुलामुलींसही दोन शब्द सांगतो. राजाचे सोंग घ्या, भिकाऱ्याचे घ्या, दुष्टाचेही खुशाल घ्या. दुसऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहणे ही सहानुभूतीची उत्तम शाळा आहे. मात्र पडदा नाही, तिकीट नाही, टाळी वाजविणारा प्रेक्षक नाही, अशा ठिकाणी कोणी तुम्हांस सोंग घ्यावयास सांगितले आणि ‘ही नुसती थट्टा आहे, कोणास बोलू नकोस,’ असे म्हटले, तर पाऊल पुढे टाकण्याआधी ती थट्टा कोणाची व किंमत कोण देणार, हे नीट विचारून घ्या. कार्लोटाने ते विचारले नाही.

संमेलनाच्या तालमी लवकरच सुरू होतील. कोणाचा आवाज साधतो, कोणाची चाल साधते, हे मुले एकमेकांस दाखवू लागतील. त्यांत आम्हां शिक्षकांच्याही नकला होतील, आणि त्या झाल्याच पाहिजेत. माझी नक्कल कोणी चांगली उठविली, तर त्याने ती मागल्या ओळीत लपून न करता पुढे येऊन करावी. मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन.